कचरूमामांचा प्लेअर

कचरूमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून उभे होते. अंबडच्या कॉलेजात येऊन मला चारच दिवस झाले होते. लॅबच्या दाराशी चपलांची रांग दिसली म्हणून मीही चप्पल काढली आणि आत डोकावले. पन्नाशीचा उंच, किडकिडीत माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळे मिटलेले. मला वाटलं त्यांना चक्कर आलीये. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं, आणखी थोडं ऐकलं आणि सरळ उभे राहिले.

"आतून धापा टाकून राह्यलंय. पंखा साफ करावा लागंल," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

कागदावर ते प्रयोगशाळा परिचर होते. लॅब उघडायची, झाडायची, रजिस्टरवर मुलांच्या सह्या घ्यायच्या, एवढंच त्यांचं काम. कॉम्प्युटर शिकवणारे सर वेगळे होते. पण लॅबमधले चौदा कॉम्प्युटर चालत होते ते कचरूमामांमुळे, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. ती मशीनं मी बालवाडीत असताना घेतलेली होती. त्यांच्यावर आमच्या विषयांचे रेकॉर्ड केलेले तास बघायला मिळायचे. घरी आमच्याकडे एकच फोन होता आणि तो भावाकडे असायचा. त्यामुळे जो तास वर्गात डोक्यात शिरला नाही, तो परत ऐकायची माझी जागा म्हणजे ती लॅब.

पहिल्याच दिवशी माझ्या पुढ्यातला व्हिडिओ अडकला. पडद्यावरच्या सरांनी फळ्याकडे हात नेला आणि तो हात तिथेच राहिला. आवाज मात्र पुढे चालला होता. मग चित्राने एकदम उडी मारली आणि अर्धा फळा भरलेलाच दिसला. मी घाबरून उभीच राहिले. एवढी महागाची वस्तू आमच्या घरात कुणी कधी वापरलीही नव्हती, आणि मी पहिल्याच दिवशी बिघडवली होती.

"मामा, मी कशालाच हात लावला नाही."

"कोन म्हनलं तू लावला म्हून? आता लाव. हितं." त्यांनी माझा हात डब्यावर ठेवायला लावला. डबा तापला होता. "हे बघ पोरी, फाइलमधी समदं हाय. सरांनी जेवढं शिकिवलं तेवढं बराबर समदं. पर ह्यो जो दाखवणारा प्लेअर हाय ना, त्याचं ओझं ह्या मशीनला झेपत न्हाई. मंग मधलं मधलं गाळून फुडं पळतं. अन् आपल्याला वाटतं, सरच घाई करून गेले."

मग त्यांनी कमरेची चंची सोडली. पानसुपारीची असते तसली, कप्प्याकप्प्यांची कापडी चंची. आत पान नव्हतं, सुपारी नव्हती. पेन ड्राइव्ह होते, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. चंची त्यांच्या वडिलांची होती. मामा मूळचे भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. वडील मेंढरं राखायचे. "माझा बाप मेंढरं मोजायचा न्हाई," ते एकदा म्हणाले होते. "नुसतं बघायचा, अन् एक कमी असलं तर त्याला कळायचं. कसं कळायचं ते त्यालाबी सांगता येत नव्हतं."

हिरव्या दोऱ्याच्या पेन ड्राइव्हमधून त्यांनी एक लहानसा प्लेअर काढला. त्याला रंग नव्हता, चित्रं नव्हती. एक काळी चौकट आणि खाली तीन-चार बटणं. पाच मिनिटांत माझे सर फळ्यावर नीट लिहायला लागले, अक्षराला अक्षर जोडून.

पुढे दोन वर्षं मी त्यांना हेच करताना पाहिलं, आणि ते कधी कंटाळलेले दिसले नाहीत. कॉम्प्युटरसमोर ते कधी खुर्चीत बसले नाहीत. वाकून उभे राहूनच काम करायचे. माउसला हात लावण्याआधी रुमालाने तळहात पुसायचे. मशीनला कुणी खटारा म्हटलं तर त्यांचा चेहरा पडायचा. कोणत्या नंबरच्या मशीनवर कोणता प्लेअर चालतो, त्याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती आणि तिच्यात सारखी खाडाखोड चालायची. सहा नंबरवर जो पळतो तो नऊ नंबरवर अडखळतो, कारण नऊचं चित्राचं कार्ड निराळं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

परीक्षा विभागाचे सर त्यांना नेहमी चिडवायचे. सरांना सगळं नवीन लागायचं.

"कचरू, अरे नवीन व्हर्जन आलंय. दिसायला काय सुंदर आहे! ते टाक ना सगळ्यांवर."

"सर, सुंदर हाय म्हूनच न्हाई टाकत. त्याचा निम्मा जीव नटण्यातच जातो. आपल्या मशीनजवळ जीवच इत्तुसा. त्यो नटायला खर्चायचा, का चित्र दाखवायला?"

"म्हणजे कायम जुनंच वापरायचं?"

"न्हाई सर. ज्याला जे झेपतं ते. बारका प्लेअर घ्यायचा, चित्र चकचकीत करायच्या समद्या सोयी बंद ठिवायच्या, फाइल पेन ड्राइव्हवरून न्हाई चालवायची, आधी मशीनमधी घ्यायची. अन् बाजूला दुसरं काहीबी उघडं ठिवायचं न्हाई. तुमच्या लॅपटॉपवर धा खिडक्या उघड्या असतात, त्याला झेपतंय. ह्याला न्हाई झेपत."

"आणि झेपलं हे कसं ओळखायचं तुझं?"

"अक्षता टाकून," मामा म्हणाले. सर हसत निघून गेले. त्यांना ती थट्टा वाटली. आम्हा मुलींना माहीत होतं की ती थट्टा नाही.

मामांकडे एका लग्नाची मिनिटभराची क्लिप होती. मंगलाष्टकं संपतात, शेवटचं 'सावधान' होतं आणि मांडवभर हात एकदम वर जातात. कोणताही प्लेअर टाकला की मामा आधी ही क्लिप लावायचे. हलक्या प्लेअरवर रंगीत तांदूळ हातातून सुटताना, वर जाताना, वळताना आणि नवरानवरीच्या डोक्यावर पडताना दिसायचे. मशीनला न झेपणाऱ्या प्लेअरवर ते आधी मुठीत दिसायचे आणि मग एकदम मुंडावळ्यांत. "मधी हवेत दिसल्या पायजेत," मामा म्हणायचे. "हवेत न्हाई दिसल्या तर त्यो प्लेअर काढून टाकायचा."

"मामा, लग्न कुणाचं हे?" माझी रूममेट संगीता एकदा म्हणाली.

"माझ्या साडूच्या पोराचं. ह्या लॅबमधी रोज लागतं बिचाऱ्याचं. तरी सून अजून नांदून राह्यली, नशीब त्याचं."

त्यांचा मुलगा विशाल आमच्याच वर्गात होता. बोलका, गोरटेला, क्रिकेट खेळणारा. बापलेक सकाळी एकाच मोटारसायकलवर यायचे. पण लॅबमध्ये विशालला नंबर लागेपर्यंत बाहेर थांबावं लागायचं. एकदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, मी घरचाच हाय ना?" त्यावर मामांनी रजिस्टर त्याच्यासमोर सरकवलं. "घरी गेल्यावर हाय. हितं सही कर." विशाल हसला. पण ते हसणं सगळ्यांना दाखवण्यापुरतं होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

हे सगळं मी सांगते आहे ते पुढच्या गोष्टीसाठी, आणि ती सांगायला मी इतके दिवस टाळत होते.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत चौथ्या पेपरला संगीताच्या पायाशी झेरॉक्सची कॉपी सापडली. गाइडचं पान लहान करून काडेपेटीएवढ्या कागदावर छापतात तसली. हाताने लिहिलेली नसल्यामुळे अक्षरावरूनही काही कळेना. पर्यवेक्षकांनी तिचा पेपर काढून घेतला. संगीता रडली नाही. ती फक्त म्हणत राहिली, "माझी नाही, सर. देवाशपथ माझी नाही."

कॉपी केस झाली तर तिचं वर्ष जाणार होतं. खरं सांगायचं तर तिचं शिक्षणच जाणार होतं. संगीता घनसावंगीकडची. त्यांच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिली. वडिलांनी पाठवताना एकच अट घातली होती: एकदा जरी अडली तरी परत यायचं, आलेलं स्थळ बघायचं. दुसऱ्या दिवशी वडील बसने आले आणि ऑफिसच्या बाहेर बाकावर बसले. त्यांच्या हातात रिकामी पिशवी होती. तिचं सामान न्यायला आणलेली.

आत प्राचार्य, परीक्षेचे सर, एक मॅडम आणि ऑफिसचे क्लार्क. संगीताच्या मागे तिरका माझा बाक होता, म्हणून मला साक्षीला बोलावलं होतं. पण मी काहीच पाहिलं नव्हतं. मी खाली मान घालून लिहीत होते. एवढंच मी सांगितलं आणि मला फार लाज वाटली.

वर्गात कॅमेरा होता. फळ्याच्या वर बसवलेला, मुलांकडे तोंड करून. परीक्षेचं फुटेज ऑफिसच्या कॉम्प्युटरशिवाय कुठे चालवायचं नाही, हा प्राचार्यांचा नियम होता. ऑफिसचा कॉम्प्युटर लॅबमधल्यांचाच भाऊबंद. क्लार्कनी क्लिप लावली. संगीता लिहिते आहे. तिच्या पायाशी काही नाही. चित्र थांबलं. मग उडी मारून पुढे गेलं. आता तिच्या पायाशी कागद आहे आणि ती वाकलेली आहे.

"पेनचं टोपण पडलं होतं, सर," संगीता म्हणाली.

"दिसतंय ते," परीक्षेचे सर म्हणाले. "कागद आधी नाही, मग आहे. आणि तू वाकलेली. आणखी काय दिसायला हवं?"

त्यांनी क्लिप तीनदा लावली. तिन्ही वेळा चित्र त्याच जागी अडकलं. आणि मला, जिला मोठ्या माणसांपुढे तोंड उघडता येत नाही, काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "सर, चित्र मधलं गाळतंय. कचरूमामांना बोलवा ना."

हे वाक्य माझं आहे. त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला आधी हे वाक्य आठवतं.

मामा आले, दाराबाहेर चप्पल काढून. काय झालं ते त्यांना थोडक्यात सांगितलं गेलं. त्यांनी संगीताकडे पाहिलं, "घाबरू नको, फाइलमधी असतंय समदं," असं म्हणाले आणि रुमालाने हात पुसले.

"ह्यो कॅमेरेवाल्या कंपनीनं दिलेला प्लेअर जड हाय, सर. ह्या मशीनला न्हाई पेलत." मग क्लार्कांकडे वळून, "अन् तुम्ही ह्ये किरकेटचं पान कामून उघडं ठिवलं?"

"स्कोअर बघत होतो जरा," क्लार्क ओशाळले.

"इथं एका पोरीचं वरीस चाललंय, अन् मशीन तुमचा स्कोअर मोजून राह्यलं."

उघड्या खिडक्या बंद झाल्या. फाइल मशीनमध्ये घेतली गेली. चंचीतून लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह निघाला. प्राचार्य घड्याळ बघत होते, तरी मामांनी आधी लग्नाची क्लिप लावली. पहिल्या प्लेअरवर अक्षता मुठीतून थेट मुंडावळ्यांत गेल्या. "ह्यो न्हाई," म्हणून त्यांनी तो काढला. दुसरा टाकला. कॉलेजच्या ऑफिसात 'सावधान' झालं आणि अक्षता सुटल्या, हवेत गेल्या, वळल्या, खाली आल्या.

"आता लावतो," मामा म्हणाले.

संगीता लिहिते आहे. तिच्या पेनचं टोपण घरंगळतं. उजवीकडून पर्यवेक्षक येताना दिसतात. मागून तिसऱ्या बाकावरचा एक हात टेबलाखालून बाहेर येतो, मनगट झटकतं, आणि एक पांढरा ठिपका दोन बाकांच्या मधून येऊन संगीताच्या पायाशी पडतो. मग ती टोपणासाठी वाकते.

चेहरा समोरूनच दिसत होता. चौकड्यांचा शर्ट. विशाल.

मला आधी कळलंच नाही. म्हणजे दिसलं, पण कळलं नाही. क्लार्कांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं तेव्हा कळलं. मामा तसेच वाकून उभे होते. त्यांचा हात माउसवर होता आणि तो हलत नव्हता. संगीताने माझा दंड एवढा घट्ट धरला होता की नंतर तिथे वळ उठले.

"कचरू, बंद कर ते," प्राचार्य हळू आवाजात म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. मामांबरोबर त्यांनी वीस वर्षं काढली होती. "हे बघ, कॉम्प्युटर जुना आहे. चित्र स्पष्ट दिसत नाही, असं लिहू आपण. हिला ताकीद देऊन सोडू, आणि तो कागद कुणाचा होता ते... राहू दे."

मॅडमनी मान हलवली. परीक्षेचे सर खाली बघत होते. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. संगीताही वाचली असती, बहुतेक. पण ताकीद म्हणजे तिच्या नावापुढे कॉपीचा शेरा, आणि बाहेर बाकावर रिकामी पिशवी घेऊन बसलेला बाप. हे मामांना माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

मामांनी क्लिप मागे नेली. परत लावली. या वेळी बटण दाबत एकेक चित्र पुढे नेलं. हात बाहेर आला. मनगट झटकलं. कागद सुटला. कागद हवेत होता तिथे त्यांनी चित्र थांबवलं.

"सर," ते म्हणाले, "आता बराबर दिसून राह्यलंय."

मग मामा प्राचार्यांकडे वळले.

"मशीन जुनं हाय म्हून लिहू नका. मशीननं बिलकुल बराबर दाखिवलंय. विशालचा सीट नंबर तुमच्या कागदावर हाय." त्यांनी रुमालाने परत तळहात पुसले. "चूक माझीबी हाय. मीच घरी जेवताना बोल्लो होतो, ऑफिसच्या मशीनवर कॅमेऱ्याचं मधलं मधलं गळतंय म्हून. त्याला वाटलं आसंल, कॅमेऱ्याला दिसतच न्हाई. गळतं ते दाखवताना गळतंय. फाइलमधी समदं ऱ्हातं, ह्ये सांगायचं राह्यलं."

इतकी वर्षं ज्या मुलांनी विचारलं त्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं होतं. मला तर पहिल्याच दिवशी. घरी मात्र राहून गेलं होतं.

त्यांनी प्लेअर बंद केला. पेन ड्राइव्ह ओढून काढला नाही. माउस खालच्या कोपऱ्यात नेऊन मशीनला तो रीतीने बंद करायला सांगितला आणि आता काढता येईल असं पडद्यावर येईपर्यंत थांबले. इतकं सगळं पाहून मला आजही धक्का बसतो तो त्या थांबण्याचा. मग चंची कमरेला खोचून ते बाहेर गेले.

बाहेर संगीताच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं. ते उठून हात जोडायला लागले. मामांनी त्यांचे हात खाली केले. "माझ्यापुढं नका जोडू, पाव्हणं. माझ्याच पोरानं तुमच्या पोरीला अडकिवलं व्हतं." आणि चप्पल घालायला वाकले. डाव्या पायात उजवी घातली, काढली, परत घातली.

विशालची ती परीक्षा रद्द झाली. तो घर सोडून धावड्याला आत्याकडे गेला. पुढचं वर्षभर मामा मोटारसायकलवर एकटेच येत राहिले. मी लॅबमध्ये जायचे, सही करायचे, तास बघायचे. संगीतालाही आणि मलाही त्यांच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. एकदा मी धीर करून म्हणाले, "मामा, त्या दिवशी मी तुमचं नाव घ्यायला नको होतं." त्यांनी माझ्या मशीनच्या डब्यावर हात ठेवून बघितला. "गरम न्हाई ना? मंग तास बघ तुझा," म्हणाले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते यंदाच, अंबडच्या बसस्टँडवर. माझं शेवटचं वर्ष संपलं होतं आणि मी सामान घेऊन गावी निघाले होते. संगीता पुढच्या शिक्षणाचे फॉर्म भरायला मागे थांबली होती. रविवार होता. मामा जालन्याच्या बसला उभे होते. जालन्यातून भोकरदन, भोकरदनहून धावडा, तीन बसगाड्या. हातात दोरीने बांधलेली पुस्तकं होती. मी ओळखली. आमच्याच दुसऱ्या वर्षाची.

"विशालकडे का, मामा?"

"दर आयतवारी जातो."

विचारू नये ते मी विचारलं. "बोलतो का तो?"

"न्हाई." त्यांनी पुस्तकं या हातातून त्या हातात घेतली. "पैल्यांदा गेल्तो तवा पुस्तकं अंगणात फेकली. दुसऱ्यांदाबी फेकली. तवापून फेकतच राह्यला. मागच्या आयतवारी दोनच नेली, ती घरात नेऊन ठिवली. बोल्ला न्हाई, पर ठिवली."

बस आली. गर्दीत त्यांनी पुस्तकं डोक्यावर धरली आणि चढले. खिडकीजवळची जागा मिळाली तेव्हा पुस्तकं मांडीवर घेतली. मी हात केला. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. दोरीची एक गाठ सैल झाली होती. ती ते दातांनी ओढून परत बांधत होते.